आधी त्यांचं होऊ दे

ती पडली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. आधी गुडघे गेले, मग ती कुशीवर आडवी झाली, पण हात वरच राहिला आणि तांब्या सरळ. मी धावले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तिच्या ओठांना लावायला गेले. तिने मान फिरवली. "आधी त्यांना दे," म्हणाली. कोणीतरी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला आणि चार पावलांवर खाटेवर निजलेल्या तिच्या नवऱ्याला नेऊन दिला. उपास त्याचा होता. बघायला जमलेली माणसंही त्याच्यासाठीच आलेली होती.

तुम्ही अशा बायका पाहिल्या असतील, त्यामुळे फार वर्णन करत नाही. ठेंगणी, काळीसावळी, डोक्यावर सतत पाटी असल्यामुळे मान ताठ. सांडोरला आमची वाडी तिच्या वाडीला लागून. मी चौथीपर्यंत शिकले, ती तेवढीही नाही. केळी, पडवळ, दुधी घेऊन आम्ही दोघी बरोबर बाजार करायचो. तिच्या तोंडात एकच वाक्य असायचं, "आधी त्यांचं होऊ दे." म्हणजे नवऱ्याचं जेवण. तो जेवल्याशिवाय ती तोंडात घास घालत नसे.

आगाशीच्या बाजारात एकदा दुपार टळून गेली. मी फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी सोडली. तिला अर्धी भाकरी दिली तर म्हणाली, "ते घरी उपाशी असतील." मी म्हटलं, तुझा नवरा केळीच्या वाडीत बसलाय, वाळवंटात नाही. ती हसली, पण भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या एका वेळी तो लग्नाला गेला आणि तिकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी पान चघळत आला आणि हिलाच विचारतो, "अजून जेवली नाय?" ही गोष्ट ती स्वतः सांगायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिला काय आवडतं म्हणून विचारलं तर भाताची खरवड सांगायची. कारण उघड आहे. शेवटी पातेल्यात तेवढीच राहते.

नवरा वाईट नव्हता. मारायचा नाही, प्यायचा नाही. त्याचं सगळं लक्ष विहिरीवर. रोज संध्याकाळी ओंजळभर पाणी काढायचा, जिभेवर घोळवायचा आणि सांगायचा, "गोड हाय." ऐकायला कोणी असो वा नसो.

मग स्टेशनकडे इमारती उठल्या. माणसं आली, नळ आले, पण नळांना पाणी नव्हतं. टँकरवाले वाड्यावाड्यांतून फिरायला लागले. त्याच्या मुलाने विहिरीवर मोठा पंप बसवला आणि वाडीतलं बावखल, म्हणजे पावसाचं गोडं पाणी साठायचं ते तळं, बुजवून टँकर उभा करायला जागा केली. दिवसभर पंप चालायचा. उन्हाळ्यात पाण्याला खाडीची चव येऊ लागली, केळीची पानं कडेने करपली. बापलेकांची भांडणं सुरू झाली. मुलगा म्हणायचा, "बाबा, आपन बंद केला तर बाजूचा खेचनार. पानी खालून एकच हाय." ते खोटं नव्हतं. इमारतीतल्या पोरांना आंघोळीला पाणी नको का, असंही तो विचारायचा. तेही खोटं नव्हतं.

एका इमारतीत राहणारा, नोकरीतून निवृत्त झालेला एक माणूस भाजीला वाडीत यायचा. त्याने तिच्या म्हाताऱ्याला सांगितलं की नुसत्या पाण्यावर माणूस कितीतरी दिवस राहतो, उलट शरीर साफ होतं. त्याने स्वतः केलं होतं. म्हाताऱ्याने आयुष्यात एकादशीशिवाय उपास केला नव्हता, आणि आमच्याकडची एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. पण त्याच्या डोक्यात ते बसलं. त्याने खाट विहिरीजवळ आंब्याखाली टाकली आणि मुलाला सांगितलं, "पंप बंद होईल तवा जेवीन. तोवर या विहिरीचं पानी."

पहिल्यांदा लोक हसले. रात्री ती गुपचूप भात भरवत असेल, असंही काही बोलले. मग त्याचं डोकं दुखायला लागलं, तोंडाला वास यायला लागला, तशी माणसं बघायला यायला लागली. इमारतीतला माणूस दोनदा येऊन गेला. फार हालचाल नको, उन्हात नको, पडून राहा, असं त्याने बजावलं. म्हातारा सावलीत पडून राहिला. पाणी तीच आणून द्यायची. तो घोट घ्यायचा, जिभेवर घोळवायचा आणि म्हणायचा, "गोड हाय." मी त्याच तांब्यातलं पिऊन पाहिलं. थुंकावंसं वाटलं. पण तो खारं म्हणणार कसा? खारं म्हटलं की विहीर गेली, आणि विहीर गेली तर पंप थांबवायचा कशासाठी?

मुलगा पंप बंद करीना. त्याला वाटे, म्हातारा आज उठेल, उद्या उठेल. सूनबाई रांधायची, मुलगा आणि नातवंडं जेवायची. सासू सगळ्यांना वाढायची आणि म्हणायची, "मी मागून बसते." तीस वर्षं ती मागूनच बसत होती. मागे वळून कोण बघतो?

त्या दिवसांत ती भाजी तोडत होती, जुड्या बांधत होती, डोक्यावर पाटी घेऊन बाजारही करत होती. वैशाखाचं ऊन होतं. एकदा बाजारात ती पाटीला धरून खाली बसली. मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, "आधी त्यांचं होऊ दे." मी ते हजार वेळा ऐकलेलं होतं. दुपारच्या जेवणाचं बोलतेय असं समजून मी पडवळाला गिऱ्हाईक बघायला लागले.

ती पडली तेव्हा टँकर भरून उभा होता. मुलाने पंप बंद केला आणि आईला उचललं. रिक्षा मिळेना. टँकरचा ड्रायव्हर उत्तरेकडचा होता, त्याला आमची भाषा धड येत नव्हती. "अम्मा को इधर बिठाओ," म्हणाला. भरल्या टँकरला वेग येईना म्हणून त्याने मागचा कॉक उघडला आणि तसाच निघाला. मी तिला धरून पुढे बसले होते. आमच्या मागे रस्ताभर पाणी सांडत होतं. एरवी त्या पाण्याला बायका हंडे घेऊन धावल्या असत्या. त्या दिवशी सगळ्या नुसत्या उभ्या राहून बघत होत्या.

डॉक्टरने विचारलं, यांनी शेवटचं कधी खाल्लं? मुलाने बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. तिघांनाही एकदमच कळलं. तो उपासाला बसला त्या दिवसापासून तिने खाल्लं नव्हतं. कोणाला सांगितलं नाही, कारण तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाला, शरीरातले क्षार बिघडले, हृदयाला झेपलं नाही. संध्याकाळच्या आत ती गेली.

तिला पोचवून आल्यावर त्यांच्या घरात चूल पेटणार नव्हती. मी पेज करून नेली. आमच्या पंपाची मोटर जळलेली, म्हणून पाणी त्यांच्याच विहिरीचं भरून आणलेलं होतं. म्हातारा ओट्यावर बसला होता. पंप बंद होता, म्हणजे त्याचा शब्द राहिला होता. मी वाडगा त्याच्यापुढे ठेवला. त्याने घोट घेतला, सवयीने जिभेवर घोळवला.

"खारट हाय," तो म्हणाला.

मी पेजेत मीठ घातलं नव्हतं. त्याने वाडगा संपवला आणि आणखी मागितली.

तेरावं झाल्यावर पंप पुन्हा सुरू झाला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी इतकं खारं झालं की टँकरवाले आपणच यायचे बंद झाले. म्हातारा त्यानंतर बरीच वर्षं जगला.