बेडकाचं औषध, व्हेज की नॉनव्हेज?

इथे अमेरिकेत, अल्फारेटात, वसंत आला की पाइनचे पिवळे परागकण गाड्यांवर बसायचे आणि माझा नवरा शिंकायला लागायचा. दोन हजार सहा साली ऑफिसमधल्या मित्राने त्याला अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या बेडकाचं औषध सांगितलं. दंडावर जळत्या काडीने ठिपके द्यायचे, त्यांवर बेडकाच्या अंगावरचा स्राव लावायचा. उलट्या होतात आणि अ‍ॅलर्जी, पाठदुखी, आळस, सगळं निघून जातं म्हणे.

नवरा कट्टर शाकाहारी, दह्याच्या डब्यावरही जिलेटिन शोधणारा. त्याला एकच शंका होती, हे नॉनव्हेज तर नाही? त्याने पुण्याला आईला फोन लावला. सासूबाईंनी विचारलं, बेडूक मारतात का? नाही, स्राव खरवडून सोडून देतात. मग दुधासारखंच की, त्या म्हणाल्या, पण त्यापेक्षा हळद घे. हळदीचं त्याला ऐकूच आलं नाही. आधी डॉक्टरांना विचार, हे माझंही ऐकू आलं नाही.

शनिवारी सकाळी मीच ड्राइव्ह करून घेऊन गेले. एका बेसमेंटमध्ये योगा मॅट, बादली आणि अतिशय नम्र असा एक दाढीवाला गृहस्थ. त्याने नवऱ्याला दोन लिटर पाणी पाजलं आणि तीन ठिपके दिले. थोड्याच वेळात ओठ सुजले, डोळे बारीक झाले, मग बादली. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला होता. मला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं.

"कसा दिसतोय मी?" त्याने विचारलं.

"बेडकावर गेलायस."

दुपारी सूज उतरली, तो मऊभात जेवला आणि एकदम हलकं वाटतंय म्हणाला. चार दिवस एकही शिंक नाही. चारही दिवस पाऊस होता, परागकण धुऊन गेले होते. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि तो गराजमध्येच शिंकायला लागला.

शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग चांगलंच झापलं. एवढं पाणी प्यायल्याने रक्तातलं मीठ उतरतं, हृदयावरही ताण येतो, माणूस दगावू शकतो. रक्त तपासलं, सुदैवाने ठीक होतं. त्यांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. त्याने आठवड्याभरात फरक पडला.

मित्राने विचारलं तेव्हा मात्र हा म्हणाला, बेडकाच्या औषधाने बराच आराम पडला. घरी आल्यावर मी विचारलं, खोटं का बोललास?

"एवढ्या प्रेमाने सांगितलं होतं त्याने," तो म्हणाला, आणि स्प्रेची बाटली हलवायला लागला.