गोटमारीच्या दिवशी मेडिकलमध्ये

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे पांढुर्ण्यातली गोटमार: नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड मारतात. गॉझ आणि पट्ट्यांचं बिल तीनशे दहा रुपये. मेडिकलमध्ये हजर चौघे: मी, माझा धाकटा भाऊ, त्याचा साळा आणि मेडिकलवाले.

भावाला आतड्याचा कॅन्सर. नागपुरात सुरू असलेल्या किमोनं त्याच्या प्लेटलेट बावीस हजारांवर उतरल्या होत्या. निरोगी माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात. रक्त लवकर गोठणार नव्हतं. रिपोर्ट पाहून मेडिकलवाल्यांनी त्याला मऊ ब्रश दिला, वस्तरा बंद केला आणि गोटमारीचं नाव काढलं तर तंगडी मोडीन म्हणाले. त्याच्यावर पहारा ठेवायलाच मी सौंसरहून आलो होतो. मी जेवायला बसलो तेवढ्यात साळा त्याला ‘लांबूनच पाहू’ म्हणत नदीवर घेऊन गेला. त्या दिवशी घरात बसलेल्या गड्याला आमच्याकडे बायकाही हसतात.

पलीकडच्या काठावरून आलेला गोटा भावाच्या कपाळावर बसला. रीतीप्रमाणे साळ्यानं जखमेत देवीची राख भरली. ती रक्तासोबत वाहून गेली. सरकारी दवाखान्याची वाट गर्दीनं बंद होती, म्हणून त्याला मेडिकलमध्ये आणलं. सदरा पोटापर्यंत लाल झाला होता.

मेडिकलवाल्यांनी गॉझची घडी दोन्ही हातांनी जखमेवर दाबली. भाऊ गुरासारखा ओरडत होता.

"दर्दची गोळी दे ना गा. साऱ्यायले देऊन राहिला," साळा म्हणाला.

"याले नाही. त्या गोळीनं रक्त अजून वाहीन."

"माणूस मरून राहिला, अन् तू शिकवून राहिला?"

साळ्यानं लाथेनं काउंटरची काच फोडली आणि त्यांच्या थोबाडीत मारली. त्यांनी माझे हात ओढून गॉझवर ठेवले. "दाबून धर दादा, उचलून पाहू नको," म्हणाले आणि वळून साळ्याच्या नाकावर गुद्दा हाणला. साळा काचांवर बसला. मग त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांना फोन करून प्लेटलेट तयार ठेवायला सांगितल्या आणि मागच्या गल्लीतून आपली गाडी काढली.

"तू बी बस," ते साळ्याला म्हणाले. "रक्त देशीन. तुह्यं तर चांगलंच वाहून राहिलं."

भावाच्या मेंदूत थोडं रक्त उतरलं होतं. प्लेटलेट चढवल्यावर ते थांबलं. डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत, पण तो जेवतो, भांडतो.

साळा काचेचे पैसे घेऊन मेडिकलमध्ये गेला. "मले नको," मेडिकलवाले म्हणाले. "काचवाल्याले दे. थापडीचा हिशेब तवाच झाला."

अठराशे रुपये साळ्यानं काचवाल्याला दिले.