चौथा दगड

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. शर्ट धुवायला टाकताना खिशातून बसची जुनी तिकिटं निघतात ना, तसे ते निघतात. परवा क्लासमधल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, तुमची फेव्हरिट आरपीजी कुठली?" आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम. आपण एक माणूस बनवायचा, त्याला नाव द्यायचं आणि त्याच्या पायांनी एक अख्खं जग फिरायचं. मी म्हटलं, मी आयुष्यात एकच खेळलोय, आणि तीही अजून संपलेली नाही. ती हसली. तिच्या लेखी मी अडाणी ठरलो. ठरू दे! तिला सांगायला बसलो असतो तर तिची बस चुकली असती, म्हणून तुम्हाला सांगतो.

डिचोलीच्या बाजारात कापडाच्या दुकानावरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास. गोवा घटक राज्य होऊन आठेक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. रविवारी क्लासला सुट्टी, आणि त्या दुपारी आम्ही चौघं तो गेम खेळायला जमायचो. गुरू परब खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायचा, मूळचा आरोंद्याचा. शाणू चोपड्याचा, फेरीबोटीवर खलाशी. सुलू कारापूरची, माझ्याकडेच टायपिंग शिकली आणि माझ्याच क्लासात शिकवायला लागली. चौथा मी. भावाच्या घरात एका खोलीत राहायचो, आणि बाकीचे सहा दिवस वहिनीने विचारलेल्या "आमटी वाढू?"ला "वाढ" म्हणण्यापलीकडे माझं कुणाशी फारसं बोलणं होत नसे. रविवारची वाट मी सोमवारपासून बघायचो. आता म्हातारपणी सांगायला काय लाज?

* * *

पहिल्याच दिवशी राडा झाला.

गेम सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपापला हिरो बनवायचा होता. ताकद किती, अक्कल किती, हे भरलं. मग कॉम्प्युटरने विचारलं, हिरोला भाषा कुठल्या येतात? झालं! शाणू म्हणाला, कोंकणी. गुरू म्हणाला, मराठी. राजभाषेचं भांडण त्या काळात घराघरात होतं, लोक एकमेकांच्या लग्नाला जायचे बंद झाले होते, आणि ते भांडण आता माझ्या खोलीत येऊन बसलं. शाणूचं म्हणणं, घरात बोलतो तीच भाषा. गुरूचं म्हणणं, आरती कुठल्या भाषेत म्हणतोस ते सांग. वीसेक मिनिटं दोघं तावातावाने भांडले. आणि गंमत म्हणजे दोघांची बोली ऐकली असती तर परक्या माणसाला फरक कळला नसता.

सुलू शांतपणे म्हणाली, "यादीत दोन्ही नाहीत. परीची आहे आणि राक्षसाची आहे."

दोघांनी राक्षसाची घेतली.

* * *

आम्ही तो गेम चुकीचा खेळत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

गेममध्ये गावं होती. गावात लोहार, विहिरीवरची म्हातारी, वाणी. त्यांच्याशी बोललं की ते काहीबाही माहिती देत. पुढच्या गावाला निघायची वेळ झाली की शाणू पुन्हा एकेकाच्या दारात जायचा. का, तर न सांगता कसं निघायचं? जाताना घरच्यांना "येतो" म्हणायला नको? म्हातारीला "येतो", लोहाराला "येतो", वाण्याला "येतो". गेममध्ये तसं बटणच नव्हतं. तो नुसता त्यांच्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि तोंडाने म्हणायचा. त्यात अर्धा तास जायचा. गुरू वैतागून खिडकीत जाऊन बसायचा.

पण महिन्याभराने आम्हीही म्हणायला लागलो. चौघं मोठी माणसं, मॉनिटरकडे बघून "येतो हं आजी" म्हणतायत! खालचा कापडवाला एकदा वर येऊन बघून गेला.

आरपीजी म्हणजे नेमकं काय, यावरही वाद व्हायचे. गुरू म्हणायचा, ज्यात मार खाऊन माणूस वरच्या लेव्हलला जातो ती. त्याला हे फार आवडायचं, कारण टिपर कितीही वर्षं चालवा, लेव्हल तीच. सुलू म्हणायची, ज्यात नकाशा आपला आपण काढावा लागतो ती. ती चौकटीच्या वहीत पेन्सिलने नकाशे काढायची, फार सुंदर. शाणू म्हणायचा, ज्यात लोकांशी बोलता येतं ती. मी काही म्हणायचो नाही. माझ्या मते ज्यात एकट्याने जावं लागत नाही ती. पण हे असं बोलून दाखवायचं कसं?

* * *

गेममध्ये एक नदी लागली, आणि नदीत होडी.

आम्ही होडीने पार झालो. मागे वळून पाहतो तर ज्या काठावरून आलो तिथे एक माणूस उभा राहून हात हलवतोय. शाणू ताडकन उठला. "पलतडीक माणूस हात करता." पलतड म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. फेरीवाल्यांची तऱ्हा अशी, की पलतडीवरून कुणी हात केला तर बोट न्यायचीच, मग तो एकटा का असेना. आणि पलतडीला कुणीच नसेल तर उगाच बोट हलवायची नाही. शाणूला हे त्याच्या बाबांनी शिकवलेलं. तेही जन्मभर फेरीवरच होते.

आम्ही परत फिरलो. तो माणूस म्हणाला, "आज हवा छान आहे." बस्स, एवढंच! पुन्हा पार झालो, तो पुन्हा हात हलवतोय. शाणू पुन्हा परत. असं पाच वेळा झालं. आमच्याकडचा शिधा संपला.

गुरू म्हणाला, "अरे मेल्या, ह्येका खंय जावचाच नाय!"

शाणू म्हणाला, असं ठामपणे कुणी सांगावं? आणि सहाव्यांदा परत नेलं.

* * *

एका रविवारी गुरूला जादा ट्रिप लागली आणि तो आला नाही. मी शहाणपणा केला. त्याचा हिरो मीच चालवला आणि लांडग्यांनी तो खाल्ला.

सेव्ह केलेला गेम होता, हिरो परत मिळाला. पण गुरू माझ्याशी दोन आठवडे बोलला नाही. खाणीवर ज्याचा टिपर त्याचाच असतो. आरशाला माळ त्याची, सीटवरचा टॉवेल त्याचा. तिसऱ्या आठवड्यात आला आणि म्हणाला, "माझ्या गाडयेर दुसरो डायवर बसलो तर माका चलात काय?"

तेव्हापासून नियम झाला, दुसऱ्याच्या हिरोला हात लावायचा नाही. जो येणार नसेल, त्याचा हिरो गेममधल्या तावेर्नात बसवून ठेवायचा. तावेर्न म्हणजे काय हे गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फेणीचा असा एक गुत्ता प्रत्येक वाड्यावर असतोच. तिथे बसलेल्या माणसाला काही होत नाही, एवढी खात्री आम्हा चौघांनाही होती.

* * *

दीड वर्षाने आम्ही शेवटच्या दारापाशी पोचलो. दारासमोर चार दगड. चार हिरो चार दगडांवर उभे राहिले की दार उघडणार आणि गेम जिंकला. सुलू उभी राहिली. गुरू उभा राहिला. मी उभा राहिलो. शाणूचा हिरो एक पाऊल मागे होता. सुलू म्हणाली, आधी सेव्ह करा. सेव्ह केलं आणि लाइट गेली.

डिचोलीत लाइट जाणं म्हणजे काही मोठी बातमी नव्हे. सहा वाजेपर्यंत वाट बघितली आणि पुढच्या रविवारी म्हणून उठलो. पुढच्या रविवारी शाणूला सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी सुलूचं लग्न होतं. बांद्याला दिली तिला.

मला तिला काही सांगायचं होतं का? होतं. दीड वर्षांत रविवार किती आले ते तुम्हीच मोजा. नाही सांगितलं. ती निघताना म्हणाली, "मास्तर, माझ्या हिरोला हात लावू नका हं." मी म्हटलं, नाही लावणार. ती "येते" म्हणाली.

* * *

मग सेव्ह केलेल्या गेमची फ्लॉपी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

आपल्याकडच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरते. मी ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली. वहिनीला सांगायला विसरलो. तिला वाटलं, तांदूळ सपाट करायला मी काहीतरी आणून दिलंय. सहा महिने ती मापटं भरलं की वरचे तांदूळ आमच्या चार हिरोंनी निपटत होती! मला कळलं तेव्हा चालू आहे का बघायला धावत क्लासात गेलो. चालू होती. तिघं दगडांवर, शाणू एक पाऊल मागे. मी बराच वेळ बघत बसलो आणि बंद केलं.

बाण दाबला की शाणूचा हिरो पुढे जाणार. एकच पाऊल! मला कोण अडवणार होतं? पण नियम तो नियम, आणि चौघांनी मिळून जिंकायचं एवढी एकच गोष्ट माझ्याकडे शिल्लक होती.

मग एकेक होत गेलं. चोपड्याला पूल झाला, फेरी बंद पडली, शाणूची बदली कुठल्या कुठे. खाणी बंद झाल्या, गुरू टिपर विकून आरोंद्याला गेला. दर गणेशचवथीला आम्ही एकमेकांना फोन करायचो आणि म्हणायचो, या वर्षी नक्की. मग एका वर्षी शाणूला कावीळ झाली. दुखणं अंगावर काढलं त्याने. आम्हाला कळेपर्यंत बारावं होऊन गेलं होतं.

त्यानंतरही रविवारी दुपारी मी क्लास उघडतो. सवय आहे. चार स्टुलं आहेत, त्यांवरची धूळ झटकतो. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू.

* * *

आता शेवटचा किस्सा.

गेल्या चवथीला सुलू माहेरी आली आणि तिने गुरूला बोलावून घेतलं. केस पांढरे झालेली तीन माणसं जुन्या मशीनसमोर बसलो. मशीन कुरकुरलं, पण लागलं. तिघं दगडांवर, शाणू एक पाऊल मागे. सुलूने नकाशाची वही आणली होती, पानं पिवळी पडलेली.

प्रश्न एकच होता, शाणूचं पाऊल टाकायचं कुणी? नियमाप्रमाणे आमच्यातलं कुणीच नाही. शेवटी गुरू म्हणाला, त्याचे बाबा आहेत. आणि गाडी काढून चोपड्याला गेला.

दोन तासांनी शाणूचे बाबा जिना चढून आले. ऐंशीच्या पुढचे, पांढरा शर्ट, काठी. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. आम्ही त्यांना शाणूच्या स्टुलावर बसवलं. मी दाखवलं, बाबा, हा शाणूचा. निळ्या सदऱ्यातला. हा बाण दाबला की तो पुढे जातो, हा दाबला की मागे येतो.

त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघितलं.

"इतकी वर्सां ह्यो हंयच उभो आसा?"

मी म्हटलं, हो. त्याचीच वाट बघत होतो सगळे.

त्यांनी बाणावर बोट ठेवलं. सुलूने माझा हात धरला. तिच्या लक्षात आलं नसेल. बोट तसंच राहिलं आणि बाबांनी पडद्यावरच्या दाराकडे बघत विचारलं, "पलतडीक कोण वाट बघता?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. गुरू म्हणाला, "कोण नाय, बाबा. थंय खेळ संपता."

"मगे कित्याक न्हेतास त्याका?"

कशाला नेता, हा फेरीवाल्याचा प्रश्न होता. बाबांनी विचारलं, इथे बसायला जागा कुठे आहे. सुलूने वही उघडून तावेर्न दाखवलं. त्यांनी मागचा बाण दाबला. मग पुन्हा. ती पानावर बोट ठेवून सांगत गेली, आता डावीकडे, आता सरळ, आणि ते एकेक पाऊल मोजून शाणूला मागे नेत गेले. अर्धा तास लागला. वाटेत विहिरीवरची म्हातारी लागली, तिच्यासमोर क्षणभर थांबले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शाणू तावेर्नात जाऊन बसला.

गुरूने कीबोर्ड ओढला आणि स्वतःचा हिरो दगडावरून उतरवला. मग सुलूने तिचा आणला. मग मी माझा.

चौघं एका टेबलाशी बसले. बाबांनी काठी भिंतीला टेकवली, पाय सैल सोडले आणि मला म्हणाले, "आता च्या सांग."