लहान मुलांना आत आणू नये

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आम्ही संगमनेरात राहत होतो. माझी मुलगी सहा महिन्यांची होती. गाण्याच्या बैठकीला एकदा तिला घेऊन गेले, ती रडली, तेव्हा पुढच्या गृहस्थांनी वळून असं पाहिलं की मी उठून घरीच आले.

हे माझ्या गाण्याच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपण लेकुरवाळ्यांसाठीच बैठक करू. रडेनात का पोरं."

रविवारी सकाळी बालवाडीच्या खोलीत सतरंज्या टाकून सुरुवात केली. बाई गात, मी तानपुरा धरी. बायकांना मीच घरोघर जाऊन बोलावलं होतं. कुणी पाजत बसे, कुणाचं रांगतं मूल तबल्याला हात लावी, आणि बाई हसून बिलावल पुढे नेत. विड्या वळणारी एक जण आपली जुळी घेऊन यायची. तिची पोरं आलाप चालू झाला की टक लावून बघत.

पाचव्या की सहाव्या रविवारी गेले, तर दारावर कागद चिकटवलेला. 'लहान मुलांना आत आणू नये.' अक्षर बाईंचं होतं. आत पुण्याहून आलेले कुणी जाणकार पाहुणे बसले होते, आणि माझ्या जागी तानपुऱ्यावर दुसरी विद्यार्थिनी.

बाई दाराशी आल्या. "आज मुलीला घरी ठेवून ये."

"मला कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर तू ऐकलं असतंस?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "या कलकलाटात मला कधीच गाता आलं नाही गं. तुझ्याखातर चाललं होतं."

म्हणजे ते हसणंसुद्धा खोटं होतं. मला तेच जास्त लागलं.

मागे जुळ्यांची आई उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते मी सांगितलं. ती म्हणाली, "आमी न्हाई म्हनत हुतो, ताई. तुमीच हात धरून आनलं. आन् आता दारातनं परत?"

ती जुळ्यांना घेऊन परत फिरली. ती पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही.

बाईंचे दोनदा निरोप आले. मी शिकायला गेले नाही. पुढे त्या लोकांना सांगत, "लेकरात अडकली, गाणं सोडलं." माझ्यासमोरही एकदा म्हणाल्या, आणि मी 'हो' म्हणून मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला अजून राग येतो.