नववी ब चे हात

नववी ब मधली नाजमीन ऑगस्टमधल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर थोड्याच वेळात, व्हरांड्यात कोसळली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गेरू होता. घाम इतका होता, की गेरूचे ओघळ बोटांवरून फरशीवर उतरत होते.

"उपाशी आली असेल," हेडसर म्हणाले. "शनिवारी पोरं नुसत्या चहावर येतात. लिंबूपाणी द्या."

लिंबूपाणी दिलं. ते लगेच उलटून पडलं. तोंडातून लाळ थांबेना. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रडत नव्हती. चित्रकलेच्या इंगोले मॅडमनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, हे उपाशीपणाचं नाही."

शाळा दर्यापूर तालुक्यातली. मी तिथे मराठी शिकवत असे. त्याआधी काही वर्षं अमरावतीच्या एका दैनिकात तालुक्याच्या बातम्यांच्या डेस्कवर होतो. आमच्या संस्थेने त्या वर्षी सगळ्या माध्यमिक शाळांत कला-समन्वय सुरू केला होता. म्हणजे चित्र, गाणं, नाटक यांचा वेगळा तास न ठेवता त्यांतूनच भूमिती, विज्ञान, इतिहास शिकवायचा. शाळेपुरती ती जबाबदारी माझ्याकडे होती. वर्षं शेतीची वाईट होती. फवारणीच्या दिवसांत नववी-दहावीची मुलं वर्गात दिसत नसत. मजूर लावणं परवडत नव्हतं, त्यामुळे घरचं पोरगं कामाला जुंपलं जाई. शनिवारी मात्र मुलं येऊ लागली होती, कारण शनिवारी कला-समन्वय असे. एवढ्यावरच हेडसरांनी ही योजना सहन केली होती.

त्या शनिवारी इतिहासाचा आणि चित्रकलेचा तास जोडला होता. विषय होता आदिमानवाची गुहाचित्रं. त्यातला एक प्रकार असा: भिंतीवर तळहात टेकवायचा, त्यावर तोंडाने रंग फुंकायचा आणि हात काढायचा. रंगात हाताचा कोरा आकार उरतो. इंगोले मॅडमनी पपईच्या दांड्या आणल्या होत्या. दांडीतून गेरूचं पाणी फुंकायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी करून पाहिलं, तर एका हाताला फार वेळ लागला. वर्ग मोठा. तास दोनच.

"पंप आणू का?" मंगेशने विचारलं. त्याचे काका वांगी आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, करत. "पाठीवरचा फवारा. फुस्कन होते. काकाले दुपारच्या आत वापस पायजे फक्त."

सगळा वर्ग हसला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी होकार दिला. आमच्या भागात फवारणीचा पंप प्रत्येक घरात, खाटेखाली किंवा दाराआड असतो. त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

शनिवारी मंगेशने पंप पाठीवर घेतला. बाकीच्या मुलांनी रांगेत येऊन मैदानाकडच्या भिंतीवर हात टेकवले. लहान चणीच्या मुलांचे हात सरकत होते. ते मनगटाशी धरून ठेवायचं काम नाजमीनने स्वतःहून घेतलं. त्यामुळे बाकीच्यांवर एकदा उडालेला फवारा तिच्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी उडाला.

नाजमीनचे वडील रशीदभाई. त्यांची काळीपिवळी जीप दर्यापूरच्या मार्गावर चाले. स्टँडवरून त्यांना बोलावलं. त्यांनी मुलीला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मॅडम आणि मी सोबत बसलो. वाटेत लोक नेहमीसारखे हात करत होते. जीप थांबली नाही, तेव्हा एकाने मागून शिवी घातली. नाजमीनच्या दंडाचे स्नायू कातडीखाली वळवळत होते. मॅडमनी दंडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी टॉर्च मारून तिचे डोळे पाहिले. मग आमच्याकडे वळले. "काय घेतलं हिनं?"

त्या वर्षांत तिथे या प्रश्नाचा एकच अर्थ होता. डेस्कवर असताना 'विषारी औषध प्राशन' ही एका कॉलमची बातमी मी इतक्या वेळा लावली होती, की प्रश्न ऐकताच मथळा समोर आला. रशीदभाईंनाही प्रश्नाचा अर्थ कळला.

"काही नाही घेतलं, साहेब," ते म्हणाले. "सकाळी चहा-टोस खाऊन, हसत गेली इस्कूलला."

"घरी भांडण?"

"नाही हो."

"बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात," डॉक्टर म्हणाले. "हे कीटकनाशकच आहे. लपवू नका. वेळ जातो."

मग मी सकाळपासूनचं सगळं क्रमाने सांगायला लागलो. गेरू भिजवला. भिंत झाडली. पंपात गेरू भरला.

"थांबा. कसला पंप?"

"फवारणीचा. पण धुतलेला होता."

"कोणी धुतला?"

"मुलाच्या काकांनी."

"तुम्ही पाहिलं?"

डेस्कवर हाच प्रश्न मी बातमीदारांना विचारत असे. "नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी सिस्टरला दोन शब्द सांगितले. नाजमीनचे कपडे काढून तिला साबणाने धुवायला घेतलं. हे विष पोटातूनच जातं असं नाही, ते कातडीतूनही जातं, श्वासातूनही जातं. त्यावर ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन देतात. तोंडाची लाळ सुकेपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. त्या दवाखान्यात ते हाताशीच ठेवलेलं होतं. शोधावं लागलं नाही.

पहिलं इंजेक्शन गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कोणाचे हात होते भिंतीवर?"

"सगळ्या वर्गाचे."

"कुठे आहेत ती मुलं?"

शाळा सुटली होती. मुलं आसपासच्या गावांत पांगली होती.

दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून मी हेडसरांना फोन लावला आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"दवाखान्याच्या कागदावर पंपाचं आलं का?" त्यांनी आधी हे विचारलं.

"आलं."

"सर, थोडं थांबायचं होतं. अन्नातून बाधा म्हणता आलं असतं. अमरावतीला संस्थेत काय सांगू मी?"

"ते नंतर. आधी सगळ्या मुलांना साबणाने अंघोळ करायला सांगा. कपडे वेगळे टाकायला सांगा. ज्याला उलटी, घाम, दम लागला, त्याला सरळ इकडे पाठवा. भोंग्यावरून सांगा."

"कोणत्या भोंग्यावरून?"

"मशिदीच्या."

"शाळेची सूचना मशिदीच्या भोंग्यावरून? लोक काय म्हणतील?"

"मग मारुतीच्या देवळातूनही द्या. बरोबरी होईल."

"घबराट होईल हो," ते म्हणाले. मी म्हणालो, ती व्हायलाच पाहिजे. फोन ठेवताना त्यांनी हो म्हटलं की नाही, हे मला कळलं नाही.

परत आलो, तर डॉक्टर दारातच होते. "एक राहिलं. पंप कोणाच्या पाठीवर होता?"

"मंगेशच्या."

"पंप गळका होता का?"

मला माहीत नव्हतं. मॅडमना आठवलं. शेवटी शेवटी मंगेशचा पांढरा शर्ट पाठीवर लाल झाला होता. त्याला पोरांनी चिडवलंही होतं.

"तो मुलगा मला आत्ता पाहिजे. अन औषधाची बाटलीही आणा."

मंगेशच्या गावात फोन फक्त ग्रामपंचायतीत. शनिवारी दुपारी तो कोणी उचलला नाही. मी रस्त्यावर येऊन वाहन पाहू लागलो. रशीदभाई आतून आले, जीपची किल्ली हातातच होती.

"तुम्ही थांबा पोरीजवळ," मी म्हणालो.

"तिच्याजवळ डॉक्टर हायेत, मॅडम हायेत. त्या पोट्ट्याजवळ कोण हाय? बसा, सर."

वाटेत ते म्हणाले, "ते हात कशाचे काढून राहिले व्हते?"

मी सांगितलं. हजारो वर्षांपूर्वीची माणसं गुहेत असे हात काढत.

"काहून?"

"नक्की कोणाला माहीत नाही."

"अन परीक्षेच्या पेपरात हेच विचारता तुम्ही लोक!" ते म्हणाले. हसले नाहीत. जीपचा वेग वाढवला.

मंगेश घरी नव्हता. आई दारात तांदूळ निवडत होती. "इस्कुलातून आला अन पंप घेऊन वावरात गेला तसाच. काकाले औषध मारायचं हाय ना. काहून, काय केलं त्यानं?"

गावाबाहेरची पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी वाट, चिखलाने भरली होती. काळ्या मातीच्या चिखलात जीपची चाकं रुतायला लागली. जीप तिथेच सोडून आम्ही पायी निघालो. प्रत्येक पावलाला चपलेखाली मातीचा थर वाढत होता. चपला हातात घेतल्या. पऱ्हाटी कमरेला आलेली. वावरात माणूस दिसत नव्हता. पंपाचा आवाजही येत नव्हता. रशीदभाईंनी हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यांनी परत मारली. त्यांचा आवाज या वेळी वेगळा होता.

धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, बाभळीखाली एक पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत लाल.

"या अल्ला!" रशीदभाई म्हणाले आणि पळत सुटले. तो गेरू आहे हे मला माहीत होतं. तरी मीही पळालो.

मंगेश गुडघ्यात डोकं घालून बसला होता. समोर उलटी पडली होती. काका त्याला कांदा हुंगवत होते. "ऊन लागलं त्याले," ते म्हणाले. "दोन पंप मारले अन बसला खाली."

दोन पंप म्हणजे औषधाच्या पाण्याने दोनदा भरलेला पंप. शाळेतून आल्यावर त्याने पंप खंगाळला होता आणि त्याच ओल्या शर्टावर परत पाठीवर घेतला होता.

मी मंगेशची हनुवटी वर केली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होत्या. रशीदभाईंनी त्याचा शर्ट काढायला घेतला, बटणं सुटेनात, तेव्हा तो फाडला. औषध कालवायच्या ड्रमाकडे काका धावले. मी ओरडलो, ते पाणी नको. प्यायच्या पाण्याची घागर होती, ती त्याच्या पाठीवर ओतली.

"धुतला व्हता मी पंप," काका पुन्हा पुन्हा सांगत होते. "तुमच्या इस्कुलात न्यायचा म्हणून धुतला व्हता. देवाशपथ."

"बाटली कुठे आहे?"

ती त्यांनी धुऱ्याच्या गवतातून काढून दिली.

रशीदभाईंनी मंगेशला पाठुंगळी घेतलं. त्यांचा सदरा लगेच लाल झाला. मी सदरा काढा म्हटलं, तर ते म्हणाले, "चला आधी." चिखलातून जीपपर्यंत येताना मी मागून चालत होतो. मंगेशच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. हुक्क्यात पाणी गुडगुडावं, तसा.

जीपमध्ये मी विचारलं, "पंप गळत होता, तर सांगितलं का नाहीस?"

त्याला बोलायला वेळ लागला. "गार लागे, सर. अन सांगितलं असतं तं तुमी बंद केलं असतं. अर्ध्या पोराइचे हात राहिले व्हते."

त्यानंतर तो बोलला नाही. रशीदभाई आरशातून मागे पाहत आणि दर वेळी विचारत, "हाय ना, सर?" मी म्हणे, "आहे." मंगेशचं डोकं माझ्या दंडावर होतं. तो आवाज मध्येच थांबे. मी श्वास धरून वाट पाही. तो परत सुरू होई.

दवाखान्यात पोचलो, तेव्हा डॉक्टरांनी बाटली वाचली आणि मंगेशची छाती ऐकली. "याला अकोल्याला न्यावं लागेल. मशीन लागू शकतं." मशीन म्हणजे श्वास देणारं यंत्र. ॲट्रोपिन सुरू करूनच त्याला रुग्णवाहिकेत घातलं. इंगोले मॅडम सोबत गेल्या.

नाजमीन खाटेवर बडबडत होती. तोंड कोरडं पडलं होतं, चेहरा लालबुंद होता. रशीदभाई घाबरून मागे सरले. "पोरगी येडी झाली काय, साहेब?"

"नाही. औषध लागू पडलं की असंच होतं. उद्यापर्यंत ताळ्यावर येईल. तुम्ही आधी तो सदरा काढा."

तोवर पोलीस शिपाई आला होता. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जातेच. त्याने रशीदभाईंना विचारलं, "घरात काही वाद? पोरीला काही बोलले होते?" रशीदभाई उघड्या अंगाने नळाखाली खांदे चोळत होते. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या सरले विचारा." मी सांगितलं. शिपायाने लिहून घेताना ते मला दोनदा सांगायला लावलं. पंप, गेरू, भिंत, हात. "असं कधी लिहिलं नाही आम्ही," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत वर्गातली आणखी काही मुलं दवाखान्यात आली. डोकं दुखत होतं, मळमळत होतं. रात्रभर ठेवून सोडलं. त्यांच्या पालकांकडून कळलं, की सूचना दोन्ही भोंग्यांवरून झाली होती. मशिदीतून हेडसर स्वतः बोलले होते. कारण सांगितलं नव्हतं. साबण लावा, एवढंच तीन वेळा सांगितलं होतं.

नाजमीन काही दिवसांनी घरी आली. मंगेशला अकोल्यात मशीन लावावं लागलं. ते निघालं तेव्हा इंगोले मॅडमनी शाळेत फोन केला. फोन मी उचलला. त्यांनी रिसीव्हर मंगेशच्या आईकडे दिला, पुढचं तिने सांगितलं. मंगेश दिवाळीनंतर शाळेत आला. बरेच दिवस त्याच्या पायांत ताकद नव्हती. म्हाताऱ्यासारखी काठी घेऊन कशाला फिरतो, असं कोणी चिडवलं की तो हसे.

संस्थेने अमरावतीहून परिपत्रक काढलं. पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही विषयात कला-उपक्रम घेऊ नये. मैदानाकडची भिंत तातडीने रंगवून घ्यावी. पंपाचा उल्लेख नव्हता. शनिवारी पूर्वीसारखी कवायत सुरू झाली. फवारणीच्या हंगामात नववीचे बाक पूर्वीसारखे रिकामे राहू लागले.

भिंतीला चुना मारला. पुढच्या पावसाळ्यात गेरू चुन्यातून वर आला. परत चुना मारला, परत वर आला. मी निवृत्त झालो, त्या वर्षी निरोप समारंभाच्या दिवशी ती भिंत पाहिली. फिकट होते, पण हात दिसत होते. काही हातांच्या मनगटाशी नाजमीनच्या बोटांचे आकार होते. नववी ब मधल्या प्रत्येकाचा हात तिथे आहे. मंगेशचा नाही. पंप त्याच्या पाठीवर होता.