आमच्या बुधवारच्या सायकल शर्यती

सायकलची शर्यत पाऊण तासात आटोपते, पण तिच्यावरच्या गप्पा दीड तास चालतात. गाडीची डिकी उघडी टाकायची, तिच्यावर बूड टेकायचं आणि कोण कुठे मागे पडला, कोण कुणाला घासला याची उजळणी करायची. जो सगळ्यात शेवटी येतो त्याच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं, हा माझा अनुभव आहे. माझ्याकडे पोतंभर किस्से साठलेत. त्यावरून माझा नंबर कितवा यायचा ते ओळखा!

२००४-०५ची गोष्ट. आम्ही तेव्हा व्हर्जिनियात, हर्नडनला राहत होतो. विमानतळाजवळच्या एका ऑफिस पार्कमध्ये दर बुधवारी संध्याकाळी सहाला आमच्या सायकल क्लबची शर्यत असायची. ऑफिसं सुटलेली, रस्ते मोकळे. एक मैलाची फेरी, अशा अठरा फेऱ्या. सगळ्यात खालच्या, म्हणजे नवशिक्यांच्या कॅटेगरीत आम्ही तीन मराठी माणसं होतो. नागपूरचा मी बोरकर, पुण्याचा मंदार कीर्तने आणि दादरचे वाघमारे काका. कीर्तने आणि मी एकाच कंपनीत कोड लिहायचो. काका सत्तावन्न वर्षांचे, पण उत्साह आमच्या दुप्पट. आम्हाला शिकवायला एड होता. तीस वर्षं पोस्टमनची नोकरी करून रिटायर झालेला, क्लबचा जुना मेंबर.

मला फार मोठं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, घोळक्याबरोबर शर्यत संपवायची आणि निकालाच्या कागदावर आपलं नाव बघायचं. अडचण एवढीच की मला त्या घोळक्याचीच भीती वाटायची. चाळीस सायकली हँडलला हँडल लावून चाललेल्या आणि पुढच्याच्या चाकापासून आपलं चाक वीतभर! नुसत्या विचारानं तळहाताला घाम फुटायचा.

* * *

पहिल्या बुधवारी मी गाडीच्या रॅकवर सायकल लावून वेळेआधी वीस मिनिटं पोचलो. इंजिन बंद केलं नाही. एसी सुरू ठेवून काचेतून अख्खी शर्यत बघितली आणि सायकल न उतरवता घरी परत आलो.

"काय रे, कशी झाली?" मेधानं, म्हणजे बायकोनं विचारलं.

"अगं, टायर पंक्चर झालं."

पुढच्या बुधवारीही मी गाडीतच बसलो. या वेळी हेल्मेट घालून बसलो होतो, एवढीच प्रगती. घरी आल्यावर पुन्हा पंक्चर.

तिसऱ्या बुधवारी मी निघालो तेव्हा मेधा आमच्या सहा वर्षांच्या इराला घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली.

"तुम्ही कुठे?"

"दर बुधवारी न चुकता होणारं पंक्चर मला एकदा बघायचंय!"

त्या दिवशी मला गाडीतून उतरावंच लागलं.

* * *

ती माझी पहिली शर्यत. शिट्टी वाजली आणि पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबले. का दाबले ते विचारू नका, डाव्या बाजूला कुणाचं तरी कोपर दिसलं. वळण संपेपर्यंत घोळका पन्नास फूट पुढे, आणि तिसऱ्या फेरीला तर दिसेनासाच झाला.

मी एकटाच चालवत राहिलो. शेपटीसारखा मागे का होईना, पण सायकल थांबवायची नाही असं ठरवलं होतं. दहाव्या फेरीच्या सुमाराला मागून खडखड ऐकू आली. घोळका माझ्यापेक्षा एक पूर्ण फेरी जास्त मारून मला गाठायला आला होता! जिवाच्या आकांतानं मी पॅडल मारू लागलो. अशा थाटात आम्ही प्रेक्षकांसमोरून गेलो, पुढे मी एकटा आणि माझ्यामागे चाळीस जण.

इरा कुंपणावर चढून नाचत होती. "ममा, लुक! बाबा इज विनिंग!"

पुढच्या वळणावर शर्यतीच्या पंचबाईंनी हात करून मला बाहेर काढलं. एक फेरी मागे पडलेल्याला थांबवायचा नियमच आहे. इराला मात्र मी हे अजून सांगितलेलं नाही.

* * *

कीर्तनेची तऱ्हा वेगळी. त्याला भीती नव्हती, पण शिस्त होती. पाठीवर नंबरचा कागद पिनांनी लावायचा असतो, तो एका रेषेत सरळ पाहिजे, असा त्याचा आग्रह. स्वतःच्या पाठीवर स्वतः कसा लावणार? म्हणून मला उभं केलं. "बोरकर, डावा कोपरा पाव इंच वर घे. अजून वर. आता खाली." आठ पिना लावून घेतल्या!

शर्यत झाली, सगळे घामाघूम. कीर्तने जर्सी काढायला गेला तर ती निघेना. मी आठच्या आठ पिना आतल्या बनियनमधून नेल्या होत्या.

एड चक्रावला. व्हर्जिनियाचा जुलै महिना, बाहेर भट्टी पेटलेली, आणि हा माणूस रेसिंग जर्सीच्या आत बनियन घालून आलाय! "मॅन, व्हॉट इज दॅट फॉर?"

कीर्तनेनं त्याच्याकडे असं बघितलं, की जणू एडनंच काही घातलेलं नाही. "बनियनशिवाय घराबाहेर कसं पडायचं?"

तेवढ्यात पंचबाई तिकडून गेल्या. निकाल लिहायला त्यांना नंबर वाचावे लागतात. म्हणाल्या, "या सीझनमध्ये एकच नंबर मला नीट वाचता आला, तो तुझा!"

कीर्तने त्या दिवशी एकतिसावा आला होता. पुढचं वर्षभर तो शर्यतीबद्दल हे एकच वाक्य सांगत होता.

* * *

वाघमारे काकांचा किस्सा तर क्लबात अजून सांगतात.

शर्यतीच्या मध्येच कधीतरी पंचबाई घंटा वाजवायच्या. पुढची फेरी जो पहिला पूर्ण करेल त्याला एक छोटं बक्षीस, आणि शर्यत पुढे चालूच. हे काकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. घंटा वाजली म्हणजे शाळा सुटली, एवढंच त्यांना ठाऊक!

दहाव्या फेरीला घंटा झाली आणि काका सुटले ते सुटलेच. बाकीचे दमसास राखून होते, काकांनी पदरचा सगळा जोर लावला. रेषेवरून पहिले गेले, दोन्ही हात वर केले, सायकल गवतात घातली आणि उभ्या असलेल्या लोकांशी हस्तांदोलन करत सुटले.

पुढच्या फेरीला मी समोरून जाताना ओरडलो, "काका, अजून सात फेऱ्या आहेत!"

"तुम्ही करा रे!" काकांनी हातातली मोज्यांची जोडी उंच केली. "मला बक्षीस मिळालं!"

ते निळे-पिवळे मोजे काका त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत सोवळ्यावर घालून आले होते.

* * *

माझी प्रगती कासवाची होती, पण होती. पाचव्या बुधवारी घोळक्यात चार फेऱ्या टिकलो, नवव्या बुधवारी सहा. मग हमखास कुणीतरी जवळ यायचं, माझी बोटं ब्रेकवर जायची, आणि खेळ खलास.

एड म्हणाला, "तुझ्या पायात काही कमी नाही. तुला धक्क्याची सवय पाहिजे." रविवारी सकाळी तो मला आणि कीर्तनेला शाळेच्या मैदानावर घेऊन गेला. गवतावर दोघांनी शेजारी शेजारी, हळूहळू सायकल चालवायची आणि मुद्दाम एकमेकांना खांदे मारायचे. पडलं तरी लागत नाही.

पहिला धक्का दिला आणि मी म्हणालो, "सॉरी." कीर्तने म्हणाला, "सॉरी, सॉरी." एड ओरडला, "नो सॉरी!"

दुसऱ्यांदा माझा बूट कीर्तनेच्या पोटरीला लागला. माणसाला पाय लागला की आपण काय करतो? माझा उजवा हात आपोआप हँडल सोडून त्याला नमस्कार करायला गेला. तो हात छातीशी पोचायच्या आत आम्ही दोघं सायकलींसकट आडवे झालो होतो!

एडनं डोक्याला हात लावला. "त्याला पाय लागला, तर हात का काढलास?"

मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. एडनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे. शर्यतीत चाळीस जण असतात. तू असं कर, सुरुवातीलाच सगळ्यांना एकदम करून टाक."

त्या सकाळी मी चौदा वेळा पडलो. पंधराव्यांदा पडलो नाही. त्यानंतरचे सगळे रविवार मी त्या मैदानावर होतो. कीर्तने आला नाही तर एडबरोबर, एड आला नाही तर कीर्तनेबरोबर.

* * *

याच दिवसांत आईचा नागपूरहून फोन आला. मेधानं तिला माझी कोपरं सोलवटल्याचं सांगून टाकलं होतं.

"इथं होतास तेव्हा सायकल नको, गाडी घेऊन द्या म्हणून बाबांच्या मागे लागायचास," आई म्हणाली. "आता दारात दोन गाड्या उभ्या, आणि तू सायकलवरून पडतोस?"

"अगं आई, एकदा शर्यत पूर्ण करायचीय."

"मग कर की पूर्ण! अर्धवट सोडून यायची सवय तुला आमच्या घरातून लागलेली नाही."

फोन ठेवला आणि मी त्या दिवशी ऑफिसनंतर वीस मैल चालवून आलो.

* * *

आता शेवटचं सांगतो. दुसऱ्या वर्षीच्या सीझनचा शेवटचा बुधवार. यानंतरची शर्यत थेट पुढच्या वसंतात.

सोळा फेऱ्या झाल्या आणि मी घोळक्यात होतो. मागे लोंबकळत नव्हतो, चांगला मध्यात होतो! दोन फेऱ्या राहिल्या. मेधा आणि इरा कुंपणाशी उभ्या होत्या.

माझ्या उजवीकडे एक उंच, लालबुंद चेहऱ्याचा पोरगा होता, त्या दिवशीच पहिल्यांदा आलेला. वळणात शिरता शिरता त्याचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाला घासलं. सायकल वेडीवाकडी हलली आणि तो सरळ माझ्या अंगावर कलला. आमच्यामागे वीस जण. तो पडला असता तर त्याच्यावर मी आणि आमच्यावर सगळे.

नागपूरला कॉलेजला जाताना आम्ही मित्र दोन सायकली शेजारी शेजारी चालवायचो, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. गप्पा मारत, रिक्षा चुकवत, पाच-पाच मैल. वीस वर्षांत असा हात कुणाच्या खांद्यावर ठेवला नव्हता. तो आपसूक गेला. पोराच्या खांद्यावर पंजा घट्ट रोवला आणि त्याला तसाच धरून अख्खं वळण काढलं. पलीकडे निघालो तेव्हा त्याची सायकल सरळ झाली होती. मी हात काढला आणि पॅडल मारायला लागलो.

सतरावा आलो. घोळक्याबरोबर, रेषेवरून, अठराच्या अठरा फेऱ्या करून!

दहा मिनिटांनी निकालाचा कागद लागला. सतराव्या जागेवर दुसऱ्याच कुणाचं नाव. माझं नाव सगळ्यात खाली, आणि त्याच्यापुढे 'डिस्क्वालिफाइड'. दुसऱ्या स्पर्धकाला शर्यतीत हात लावायचा नाही, असा नियम आहे.

मी संतापलो. दोन वर्षं या कागदासाठी पडत होतो! माझ्यापेक्षा एड जास्त भडकला. तो उंच पोरगा तर रडवेला होऊन पंचबाईंना सांगत होता, "मॅम, ही सेव्ह्ड मी!"

पंचबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतकी वर्षं पंच आहे मी. ढकलणारे हात बघितले, ओढणारे बघितले. हा बघितला नव्हता. पण नियमात याच्यासाठी वेगळी ओळ नाही." आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. कागद काही बदलला नाही.

मी धुसफुसत सायकल रॅकवर चढवत होतो. मेधा शेजारी येऊन उभी राहिली. वळणावर जे झालं ते तिनं कुंपणापासून बघितलं होतं, आणि तिचा चेहरा अजून पांढराफटक होता.

"अरे, तुला भीती नाही वाटली?"

पट्टा आवळता आवळता माझे हात थांबले.

"अगं... घाबरायचं राहूनच गेलं!"