दोन शिटांच्या गाडीचा टप

कात्री घेऊन मी कापडावर वाकले, अन् तशीच थांबले. आप्पा समोर खुर्ची टाकून बसले व्हते. म्हणले, "चाची, चालवा की. मुहूर्त पाह्यजे का?"

"मुहूर्त न्हाई आप्पा. जुना टप पाह्यजे."

टप म्हणजे गाडीचं कापडी छत. जीपला असतो, रिक्षाला असतो, तसा. ही गाडी मात्र निराळी. दोनच शिटा, लांब नाक, अन् इतकी बुटकी की बसायचं तर आधी पाय सारायचे, मंग डोकं. स्पोर्ट्स कार म्हणतात तिला. इलायती, लई जुनी. उदगीरच्या बसवंत आप्पांनी हैदराबादच्या एका माणसाकडून घेतली, ती बी खोललेली. त्या माणसानं रंग द्यायला म्हणून गाडी खोलली अन् परत जोडलीच न्हाई. बॉडी ट्रकात आली, बाकी समदं खताच्या पोत्यांत. आप्पांचा मोठा लेक म्हणला, "भंगार घेतलं का?" आप्पांनी बालाजी मिस्त्रीला लातूरला गाडी दिली. त्यानं दोन वर्सं घालून ती उभी केली, इंजन चालू केलं. राहिला टप.

कापड आप्पांनी इलायतेहून मागवलं व्हतं. काळं, जाड, आतून रबर लावलेलं. एका टपापुरतंच आलं. चुकलं तर जोड मारता येत न्हाई, जोडातनं पाणी गळतं. लेक म्हणला व्हता, "पुण्याला पाठवू. ही बाई टेंपोचे टप शिवती."

आप्पा म्हणले, "शिवती ना? मंग?"

ते 'मंग' माझ्या मानेवर बसलं व्हतं.

लातूरात नांदेड रोडला माझं कुशनचं दुकान हाय. शाळा दुसरीपर्यंत. आमचे मालक हेच काम करायचे. ते गेले तवा पोरी लहान व्हत्या. ट्रकवाले म्हणले, बाईमाणूस टपावर कशी चढंल? मी चढले. उन्हात पत्र्यानं गुडघे भाजायचे, दोऱ्यानं बोटं कापायची. काम मिळत व्हतं, मंग काय बोलायचं. टेप मला अजून बी वाचता येत न्हाई. वीत अन् बोटं, हेच माझं माप.

ज्या लोखंडी कमानींवर टप ताणतात, त्या दोन दिवस वितीनं मापून मी कापडावर खडूनं आखलं व्हतं. पण मालकांची एक रीत व्हती. जुनं उसवल्याबिगर नवं कापायचं न्हाई. पुण्याचं नाव ऐकून मला घाई झाली अन् मी ती रीत मोडली. कात्री टेकवली तवा ध्यानात आलं.

"जुना टप?" गाडीपाशी उभा असलेला मिस्त्री म्हणला. "ते चिंधूक व्हतं चाची. गाडीखाली निजायला घेतलंय मी."

"तेच आण."

आणलं. ऑइल प्यालेलं, कोपरे कुजलेले. मी ब्लेडनं एकेक टाका उसवला. फाडला न्हाई, उसवला. सुईची जुनी भोकं तशीच राहिली पाह्यजेत, त्यावरून शिलाई कुठून गेली ते कळतं. मंग ते तुकडे कमानींवर टाकले. मागं चार बोटं कमी, पुढं चार बोटं जास्त.

मिस्त्री हसला. "आटलंय चाची. कवाचं कापड हाय ते."

"कापड आटलं तर समदीकडनं आटतं. मागं आटून पुढं वाढतं का रे?"

आप्पा खुर्चीवरून उठले.

मी कापड उलटं केलं. मधल्या कमानीनं आतून गंजाचा पट्टा उमटवला व्हता. आप्पांना म्हणलं, "ह्या पट्ट्याखाली कमान पाह्यजे. आता ती चार बोटं पुढं हाय."

मिस्त्री तापला. "दोन वर्सं झिजलो मी. इंजन उभं केलं. आता हे दोन पाईप मला कळंनात?"

"इंजन तुझं. पाईपाशी माझं काम हाय. कमानी मिटून दाखव."

त्यानं मिटल्या. खाली बसता बसता अडल्या.

"नवा रंग हाय, बसतील हळूहळू."

"लोखंड बसतंय व्हय?"

आप्पा इतकंच म्हणले, "बालाजी, खोल."

खोललं. कमानीचे दोन हात असतात, एक डावा, एक उजवा. जीपला दोन्ही सारखेच, कुठला बी कुठं लावा. आम्ही दोघं जीपवर हात बसलेली माणसं. ह्या गाडीत डावा तो डावाच. अदलाबदल झाली की कमान मागं राहायची ती पुढं झुकती. मिस्त्रीनं ते उलटे लावले अन् फसला, अन् त्यावर माप घेणारी मी बी फसले. कात्री चालली असती तर कापड गेलं असतं, अन् मंग लेकाचंच खरं.

हात बदलले. कमानी मिटल्या, एकदम गपकन बसल्या. जुने तुकडे बी बराबर बसले. मी ओल्या फडक्यानं दोन दिवसांचा खडू पुसला अन् जुन्यावरून नवं आखलं. मंग कात्री चालवली, एका दमात.

शिवायला आठ दिवस गेले. कोपऱ्यात कापडाचे चार पदर येतात, मशीन ओढंना. तिथं दाभणानं हाती टाके घातले. ताणला तो भर दुपारी. ऊन खाऊन कापड मऊ पडतं, तवाच ओढायचं. गार झालं की हलगीवानी वाजतं.

मंग वॉशिंग सेंटरला नेली. आप्पा टप लावून आत बसले. मी म्हणलं, मारा पाणी. वरून, बाजूनं, काचेच्या कडेनं, लई वेळ मारलं. दार उघडलं तर आप्पांचं धोतर कोरडं. लेकानं आत हात घालून कोपरे चाचपले. पुण्याचं नाव काढलं न्हाई. म्हणला, "चाची, शिटा बी तुम्हीच करा."

आता ती गाडी उदगीरहून लातूरला येती, अन् लोक थांबून टपाला हात लावून बघतात. बालाजी मिस्त्री आजकाल कुठली बी गाडी खोलली की डाव्या पार्टाला चुन्याची खूण करतो. कुणी शिकवलं असं इचारलं की म्हणतो, अनुभव. मी बाजूला बसून ऐकते. खोटं न्हाई त्याचं. फक्त त्यात अर्धा माझा बी हाय.